मधले बांध काढून सलग शेत करावं की ठेवावेत? पाखरं, प्राणी आणि पीक यांचा एकत्र विचार करून सल्ला हवा

धुरकरी (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. वडिलांच्या पश्चात शेती मी आणि धाकटा भाऊ बघतो. जमीन दहा एकर, पण सहा तुकड्यांत. तुकड्यांच्या मधे जुने मातीचे बांध आहेत, काही ठिकाणी कमरेएवढे उंच. त्यांवर बोरी, हिवर, दोन मोठ्या बाभळी, रुई, आणि पावसाळ्यानंतर छातीला लागेल एवढं गवत. एका अंगाला ओढा आहे आणि त्याच्या वरच्या बाजूला थोडा माळ, जिथे कधी नांगर लागलेला नाही.

भावाचं म्हणणं आहे की मधले बांध जेसीबी लावून सपाट करावेत. ट्रॅक्टरला दर वेळी वळवून घ्यावं लागतं, बांधाखालची जमीन अडकून पडते, उंदीर बांधातच राहतात आणि तणाचं बीही तिथूनच शेतात येतं. त्याचं बोलणं मी उडवून लावू शकत नाही, कारण ट्रॅक्टर तोच चालवतो.

पण त्या बांधांवर तित्तिर आहेत, मुंगूस आहे, धामण आहे. ओढ्याकडच्या बाभळीवर सुगरणींची घरटी असतात. रात्री पिंगळ्याचा आवाज असतो. हे सगळं जाईल या विचाराने मला बेचैन व्हायला होतं. फक्त 'मला वाटतं' एवढ्यावर घरात भागत नाही, कारण सांगता आलं पाहिजे. बांध ठेवून पिकाला खरंच काही फायदा होतो का? आणि ठेवले तर त्यांचं करायचं काय? आमच्याकडे उन्हाळ्यात बांध पेटवून देतात, तसंच चालू ठेवावं का? माळावर झाडं लावायचाही विचार आहे, घुबडांसाठी पेट्या लावाव्यात असंही कुणी सुचवलं. सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.

चंडोल

दादा, बांध काढू नका. कारणं देते, म्हणजे भावाशी बोलताना हाताशी राहतील.

मी शेती करते आणि शेतातल्या पाखरांची नोंदही ठेवते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकते. बाकीची जमीन वर्षातून किती वेळा हलते बघा. नांगरट, वखरणी, पेरणी, कोळपणी, काढणी. ज्याला मातीत अंडी घालायची आहेत, कोष करायचा आहे, बीळ करायचं आहे, त्याला वर्षभर न हलणारी जागा फक्त बांधावर मिळते. भुंगेरे, कोळी, गांधीलमाश्या तिथून पिकात उतरतात आणि पीक निघालं की परत तिथेच जातात. बांध मोडला की परतायला जागा उरत नाही, आणि पुढच्या हंगामात माव्यावर किंवा अळीवर तुटून पडायला शेताबाहेरून कुणी यायचं म्हणजे फार उशीर होतो. जमिनीवर चालणारे भुंगेरे तर मोठ्या शेताच्या मध्यापर्यंत वेळेत पोचतच नाहीत. इंग्लंडमध्ये बांध काढून मोठी शेतं केल्यावर हे लक्षात आलं, तेव्हा तिथल्या संशोधकांनी शेताच्या मधोमध सुमारे 40 सेंटीमीटर उंच आणि दोन मीटर रुंद असे मातीचे वरंबे घालून त्यांवर ठोंबाचं गवत लावायला सुरुवात केली. त्यांना 'बीटल बँक' म्हणतात. म्हणजे बांध मोडून झाल्यावर पुन्हा बांधच घालावे लागले. तुमच्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत.

तुकडे लहान आहेत ही तुम्हाला अडचण वाटते. माझ्या मते तीच तुमची जमेची बाजू. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या आठ प्रदेशांत, 435 ठिकाणी पाहणी करून केलेला एक मोठा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. वनस्पती, मधमाश्या, फुलपाखरं, सिरफिड माश्या (फुलांवर घिरट्या घालणाऱ्या), भुंगेरे, कोळी आणि पक्षी असे सात गट त्यात धरले होते. शेताचा सरासरी आकार 5 हेक्टरवरून 2.8 हेक्टरवर आणला तर जीवसृष्टीला जेवढा फायदा होतो, तेवढा मिळवायला मोठी शेतं तशीच ठेवून नैसर्गिक झाडोरा अर्ध्या टक्क्यावरून 11 टक्क्यांवर न्यावा लागतो. तुमचे तुकडे त्याहून कितीतरी लहान आहेत.

आता पिकाचं. इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायरमध्ये हिल्सडेन इथे सुमारे 900 हेक्टरच्या व्यापारी शेतीवर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2015 साली आले. कडेची, तशीही कमी पिकणारी जमीन काढून तिथे फुलांचे आणि गवताचे पट्टे केले, काही भागात 8 टक्क्यांपर्यंत. जमीन कमी होऊनही एकूण उत्पादन घटलं नाही, काही पिकांत तर वाढलं. फायदा लगेच पहिल्या वर्षी दिसला नाही, पुढे वाढत गेला, हेही भावाला आधीच सांगून ठेवा. नाहीतर पहिल्याच हंगामात तो हिशेब मागेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

परागीभवनाचं तर निराळं सांगायला नको. जगातल्या 115 प्रमुख खाद्यपिकांपैकी 87 पिकांना कमीअधिक प्रमाणात कीटकांची किंवा इतर प्राण्यांची मदत लागते. आणि परागीभवन म्हटलं की आपल्याला पोळ्यातली मधमाशी आठवते, पण मधमाश्यांच्या बहुतेक जाती एकेकट्या राहतात आणि त्यातल्या बऱ्याचशा मातीत बीळ करून घर करतात. सकाळचं ऊन येणाऱ्या बांधाच्या उतारावर जिथे गवत विरळ आहे तिथे वाकून बघा. पेन्सिलीच्या जाडीची भोकं दिसतील, काहींच्या तोंडाशी बारीक मातीचा कडा असतो. थोडा वेळ हलला नाहीत तर पायांना पिवळा पराग फासलेली माशी उतरते, क्षणभर भोकापाशी थांबते आणि आत शिरते. आत परागाचा गोळा करून त्यावर ती एक अंडं घालते. तुरीच्या फुलांवर जी काळी जाडजूड भुंग्यासारखी माशी येते ती मात्र लाकडात घर करते. वाळलेली फांदी, जुनं खोड. म्हणून बांधावरची मेलेली फांदी सरपणाला नेऊ नका, चार तरी राहू द्या.

म्हणूनच बांध पेटवणं बंद करा. तुमच्या सगळ्या प्रश्नांत मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वाळलेलं गवत आपल्याला मेलेलं दिसतं, पण त्यात पुढचं वर्ष भरलेलं असतं. एक काडी हातात घेऊन वर-खाली पाहा. सुकलेल्या फेसासारखी तपकिरी गाठ चिकटलेली दिसली तर ती प्रार्थनाकीटकाची अंडी. पानांच्या बेचक्यात पांढरी कापसासारखी पिशवी असेल तर कोळ्याची. बुंध्याशी, मातीला टेकलेल्या पाल्याखाली भुंगेरे, गोमा, सरड्यांची अंडी. आग लागली की पाखरू उडून जातं, बाकी सगळं जागेवर संपतं. आणि जळून उघड्या पडलेल्या बांधावर पहिल्या पावसात सगळ्यात आधी उगवतं ते गाजरगवत.

पेटवायचं नाही म्हणजे वाढू द्यायचं असंही नाही. अजिबात हात न लावलेला बांध काही वर्षांत झुडपांनी भरतो आणि गवत मरतं. बांधाचे तीन भाग पाडा. दर वर्षी एकच भाग कापा, तोही बी पडून गेल्यावर, आणि जमिनीलगत खरवडू नका, वीतभर बुडखा ठेवा. कापलेलं गवत गुरांना किंवा आच्छादनाला. दोन भाग नेहमी उभे राहतील, कापलेल्या भागातल्यांना शेजारी सरकायला जागा मिळेल. पवन्या, मारवेल असेल तर जपा, चाराही चांगला आणि दाट ठोंब असला की तणाला शिरकाव नाही. रुई उपटू नका. बिबळ्या कडवा हे फुलपाखरू तिच्या पानांवर अंडी घालतं.

बांधाला लागून असलेल्या पिकाच्या कडेकडेही लक्ष द्या. इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये 1968 पासून तित्तिराच्या जातभाईंवर अभ्यास चालू आहे. पक्षी का कमी झाले याचं उत्तर शिकारीत न सापडता तणनाशकात सापडलं. तणनाशकाने तण गेलं, तणावरचे किडे गेले, आणि पहिले काही दिवस फक्त किड्यांवर जगणारी पिल्लं उपाशी मेली. मग पिकाची कडेची सहा मीटरची पट्टी न फवारता ठेवायची पद्धत तिथे निघाली. तुमच्या लहान तुकड्यांत सहा मीटर जास्त होतील, पण पाठीवरच्या पंपाने जाता तेव्हा बांधालगतच्या दोन-तीन ओळी सोडणं सहज जमतं. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर सुगरणीचंच घ्या. मोठी झाली की ती दाणे खाते, पण पिल्लांच्या चोचीत अळ्या आणि नाकतोडेच पडतात. मुठीएवढं पाखरू दिवसभर पिकातून अळ्या वेचून नेतं, आणि आपण त्याच पिकावर औषध मारतो.

फवारावंच लागलं तर संध्याकाळी, वारा पडल्यावर. मधमाश्या सकाळी फुलांवर असतात. पीक फुलोऱ्यात असताना शक्य असेल तर नकोच.

काढणीच्या वेळेची एक सोपी गोष्ट. यंत्र कडेने गोल फिरवत आत नेलं की ससे, तित्तिर, लावे, त्यांची पिल्लं सगळी मधल्या शेवटच्या तुकड्यात कोंडली जातात आणि पात्याखाली येतात. मधून सुरू करून बाहेर या किंवा एका बाजूकडून बांधाच्या दिशेने सरकत या. वेळ तेवढाच लागतो. टिटवीची अंडी दिसली, चार असतात, खड्यांमध्ये खड्यांसारखीच, तर चार काठ्या रोवून तेवढी जागा सोडा. साधारण महिनाभरात पिल्लं निघतात आणि निघाल्या निघाल्या चालायला लागतात. युरोपात मॉन्टेग्यूचा भोवत्या हा शिकारी पक्षी गव्हात घरटं करतो. तिथे स्वयंसेवक घरटी शोधतात आणि काढणीच्या वेळी घरट्याभोवतीचा चौकोन उभा ठेवला जातो. हाच पक्षी हिवाळ्यात आपल्याकडच्या माळांवर नाकतोडे खात फिरतो. तिकडच्या कुणी तरी गव्हाचा तुकडा सोडला म्हणून तो इथे दिसतो हे मला फार मोलाचं वाटतं.

आता तुमच्या माळाबद्दल, आणि हे जरा जोर देऊन सांगते. माळावर झाडं लावू नका. झाड लावणं नेहमीच चांगलं असा समज आहे, तो माळाला लागू नाही. चंडोल, माळटिटवी, धाविक, तित्तिर, खोकड यांना उघडं, लांबवर दिसणारं रान लागतं. तिथे झाडं उभी राहिली की कावळे आणि शिकारी पक्षी त्यांवर बसून जमिनीवरची घरटी हेरतात, आणि सावलीत गवताची जात बदलते. कधीही न नांगरलेला माळ एकदा मोडला तर आपल्या हयातीत तसाच परत येत नाही. लावायचीच असतील तर ओढ्याच्या काठाला लावा. उंबर, करंज, जांभूळ, पांगारा. उंबर वर्षात अनेकदा फळतो, पांगारा पानं गळाल्यावर फुलतो आणि तेव्हा दुसरीकडे मध कमी असतो. सुबाभूळ मात्र आणू नका, तिचं बी आवरत नाही.

कोळपं

ताईंनी खूप मनापासून लिहिलंय आणि काढणीची गोष्ट मी यंदाच करून बघणार आहे. पण उंदरांचा प्रश्न त्यांच्या उत्तरात आला नाही आणि भावाचा मुख्य मुद्दा तोच आहे. आमच्याकडे रुंद बांध आहेत. हरभरा घाट्यावर आला की बांधालगतच्या ओळी उंदीर साफ करतात, बिळात घाट्यांचा साठा सापडतो. पाखरं आणि धामणी असूनही. ओढ्याकाठी झाडी वाढवली की रानडुकरांना दिवसा लपायला जागा होते, तेही आहेच. ज्याचं पीक जातं त्याला जैवविविधता सांगून पटत नाही. यावर खरंच काय करता येतं ते सांगा.

चंडोल

कोळपं, प्रश्न रास्त आहे. उंदीर बांधात बीळ करतात हे खरंच. भातशेतीत तर बांध 30 सेंटीमीटरपेक्षा रुंद ठेवू नये असा सल्ला उंदरांसाठीच देतात, कारण तेवढ्यात त्यांना बीळ खोदता येत नाही. तेव्हा पाणी अडवायला घातलेला भाताचा बांध आणि कोरडवाहू शेतातला जुना उंच बांध यांना एकच नियम लावू नये. पहिला अरुंद आणि स्वच्छ ठेवा. माझं सगळं बोलणं दुसऱ्याबद्दल आहे.

दुसरं, घुबड किंवा धामण एकट्याच्या जिवावर उंदरांची लाट थांबवत नाही. लाट आली की उंदरांची पैदास शिकाऱ्यांच्या पैदाशीपेक्षा कितीतरी वेगाने होते. शिकाऱ्यांचा उपयोग लाट नसताना, संख्या कमी असताना ती कमीच ठेवण्यात आहे. म्हणून बाकीचं आपल्याला करावंच लागतं. काढणीनंतर सांडलेला दाणा शेतात पडू देऊ नये. गंजी बांधाला लावून रचू नये. बिळं खणायची तर पाऊस पडायच्या आधी, उंदीर थोडे असतात तेव्हा. पीक दाण्यावर आल्यावर खणून हाती फार लागत नाही. आणि शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात केलं तरच, नाहीतर तुमचे उंदीर शेजारी जातात आणि पंधरवड्यात परत येतात.

विषाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. ब्रोमॅडिओलोनसारखं औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि घुबड, कापशी, रानमांजर, मुंगूस नेमका तोच उंदीर उचलतात. विष त्यांच्या यकृतात साठतं. उंदीर काही महिन्यांत पुन्हा भरतात, घुबडाची जोडी गेली तर जागा वर्षानुवर्षं रिकामी राहू शकते. शिकारी पक्ष्यांचं असंच 1995-96 च्या सुमारास अर्जेंटिनात झालं. नाकतोड्यांसाठी मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारलं आणि तेच नाकतोडे खायला जमलेले स्वेन्सन हॉक हे शिकारी पक्षी हजारोंनी मेले. उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यापुरते तिथे आलेले पक्षी होते ते.

उलट बाजूचं उदाहरण इस्रायलचं. तिथे 1980 च्या दशकात शेतात गव्हाणी घुबडांसाठी पेट्या लावायला सुरुवात झाली, 2002 मध्ये जॉर्डनचे शेतकरीही त्यात आले. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच घुबड शिकार करतं म्हणून विषही दोन्हीकडे कमी व्हायला हवं, हे त्यांनी ओळखलं.

धुरकरी, पेटीबद्दल तुम्हीही विचारलं होतं. पेटी चार ते सहा मीटर उंचीवर, समोर मोकळं शेत, तोंड पावसाच्या झोडीच्या उलट दिशेला, भोक साधारण 15 सेंटीमीटरचं. पेटीचा तळ मोठा हवा, पिल्लं पाचसहा असू शकतात आणि ती बरेच आठवडे आत राहतात. तुमच्याकडे पिंगळा आधीपासून आहे, त्याला पेटीपेक्षा ढोली असलेलं जुनं झाड महत्त्वाचं. ती बाभूळ तोडू नका. घुबड उंदीर खातं की नाही हा वाद मिटवायचा असेल तर पेटीखाली पडलेले करडे-काळे गोळे उचला. घुबड शिकार गिळतं आणि केस-हाडं गोळा करून तोंडावाटे बाहेर टाकतं. गोळा कोमट पाण्यात भिजवला की सुटतो. आत कवट्या असतात, अखंड. पुढचे दात लांब आणि नारिंगी-पिवळे असले तर उंदीर, पांढरे आणि अणकुचीदार असले तर चिचुंद्री. एका गोळ्यात दोन-तीन कवट्या निघणं नेहमीचं आहे. भावाला शेजारी बसवून हे करा. माझ्या आकड्यांपेक्षा त्या कवट्या त्याला जास्त पटतील.

हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे लावतच असाल. कोतवाल, खाटीक, वेडा राघू दिवसा त्यावर बसतात. दाणे भरायला लागले की ते थांबे काढून घ्या, नाहीतर दाणे खाणाऱ्यांना बैठक मिळते.

रानडुकरांना मी सोपं उत्तर देऊ शकत नाही. घाणेरीसारखं दाट, खालपासून भरलेलं झुडूप त्यांना लपायला लागतं, तेव्हा ओढ्याकाठी घाणेरी आणि वेडी बाभूळ काढून उंच खोडाची झाडं ठेवली तर आडोसा कमी होतो. चिल्हार किंवा सागरगोट्याचं काटेरी कुंपण दाट झालं तर त्यांना अडवतं, पण त्याला वेळ लागतो. कुंपणात थेट वीज कुणीही सोडू नका. त्यात डुकराआधी माणूस आणि गाय मरते.

पाणवठा

बांधाबद्दल ताईंनी लिहिलंच आहे, मी फक्त पाण्याबद्दल लिहितो, कारण ओढा आहे म्हणजे आज ना उद्या शेततळ्याचा विषय निघणार.

प्लास्टिकचं अस्तर लावलेलं शेततळं प्राण्यांसाठी सापळा होतं. पाणी प्यायला उतरलेला ससा, मुंगूस, खोकड, घोरपड, साप, हरणाचं पिल्लू ओल्या प्लास्टिकवर घसरतं आणि काही केल्या वर येऊ शकत नाही. नखं रुततच नाहीत. ते काठाकाठाने पोहत फिरत राहतं आणि थकून बुडतं. यावर उपाय अगदी साधा आहे. प्राणी काठाला लागला की कोपऱ्याकडे सरकतो, म्हणून चारही कोपऱ्यांत दोराच्या जाळीचा पट्टा वरच्या काठाला खुंटीला बांधून पाण्याच्या तळापर्यंत सोडायचा. पाणी उन्हाळ्यात खाली जातं तेव्हाही तो पोचला पाहिजे. जाळीच्या आत गोणपाट ओवलं तर लहान प्राण्यांना पकड मिळते. जाळीची भोकं मोठी असतील तर साप अडकतो, तेव्हा जाड दोर आणि गोणपाटच बरं. जुने टायर दोराने एकाखाली एक बांधूनही चालतं. उघड्या विहिरीला कठडा नसेल तर तो आधी बांधा, बाकी सगळं नंतर.

जीव वाढवायचे असतील तर शेततळ्याच्या भरवशावर राहू नका. ओढ्याजवळ चिखलमातीचं एक छोटं डबकं करा, एका बाजूचा उतार अगदी निवांत, गुडघ्याएवढं पाणी, काठाला लव्हाळा. वर्षातून काही काळ ते आटलं तरी बिघडत नाही, उलट बरं, कारण आटणाऱ्या डबक्यात मासे टिकत नाहीत आणि बेडकांची पिल्लं वाचतात. डासांसाठी म्हणून गंबुशिया मासे सोडू नका, ते बेडकाची आणि चतुराचीही पिल्लं खातात. चतुराची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात आणि मोठे चतुर पिकावरचे उडते किडे. भाताच्या किंवा भाजीच्या शेजारी असं डबकं असलं की संध्याकाळी चतुरांची झुंबड दिसते. गुरांना मात्र एकाच बाजूने पाण्यावर जाऊ द्या, बाकी काठ तुडवला जाऊ नये.

धुरकरी

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं उत्तर भावाला फोनवर वाचून दाखवलं. लहान शेतांच्या अभ्यासाचं ऐकून तो काही बोलला नाही, पण घुबडाच्या गोळ्याचं ऐकून मात्र ते बघायचं म्हणाला. जाळण्याचं यंदा थांबवायचं यावर आमचं एकमत झालं. माळावर झाडं लावायचा विचार मी सोडला. पाणवठा, आमच्या विहिरीला कठडा अर्धाच आहे, तो आधी पूर्ण करतो.

एक अडचण अजून आहे. सगळे बांध ठेवले तरी भावाचा ट्रॅक्टर वळवण्याचा त्रास खराच आहे. दोन तुकडे इतके अरुंद आहेत की तिथे अर्धा वेळ वळण्यातच जातो. त्या दोघांमधला एक बांध काढला तर फार बिघडेल का?

चंडोल

अख्खा काढायची गरज नाही, दादा. त्या बांधाला दोन्ही टोकांना ट्रॅक्टर सहज निघेल एवढी खिंड पाडा, चार-पाच मीटरची. म्हणजे एका तुकड्यात जाऊन दुसऱ्यातून परत येता येतं, जागेवर वळावं लागत नाही. मधला लांब भाग तसाच राहतो. मुंगूस, धामण, तित्तिर एवढं अंतर सहज ओलांडतात.

खिंड कुठे पाडायची ते पावसात ठरवा. पाणी कुठून वाहतं ते तेव्हा दिसतं. जिथे पाणी अडून जिरतं तिथे फोडू नका, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात माती त्या वाटेने ओढ्यात जाईल. बोर, हिवर असलेली जागा सोडा. काम पिल्लं उडून गेल्यावर, हिवाळ्याच्या तोंडाशी करा, आणि जेसीबी यायच्या आदल्या दिवशी तेवढ्या भागातलं गवत हाताने कापून घ्या, म्हणजे आत जे काही असेल ते रात्रीतून सरकेल. निघालेली माती शेतात पसरू नका. त्याच बांधाच्या खचलेल्या भागावर चढवा आणि वर शेजारचे पवन्याचे ठोंब काढून लावा, पुढच्या पावसात ते धरतील. बांधाच्या तीन भागांपैकी जो पहिल्या वर्षी कापाल त्यात तो नवा भाग धरू नका, त्याला दोन पावसाळे जाऊ द्या.

घुबडाच्या गोळ्यात काय निघालं ते इथे नक्की लिहा.